हार्डटेलवर १३० मिमीचा रॉकशॉक्स पाइक सिलेक्ट: पावसाळा काढल्यानंतर

हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल. तिची फ्रेम आधी घेतली, फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के गिळणारा भाग) नंतर. त्यामुळे निवडीला कुंपण आपोआपच पडलं: टेपर्ड हेडट्यूब (फोर्कची दांडी शिरते ती, खाली रुंद होणारी नळी), पुढचं हब १५ × ११० बूस्ट (अ‍ॅक्सलची जाडी आणि हबची रुंदी, मिमीमध्ये), चाक २९ इंची आणि फ्रेम बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेला १२० ते १४० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त दबतो ते अंतर. एवढं जुळवत गेलं की यादीत मोजकीच नावं उरतात.

तरी आमच्या सायकलच्या ग्रुपमधले बहुतेक जण म्हणत होते, घेतोयस तर १५० घे. नाही घेतला. हार्डटेलवर २० मिमी ट्रॅव्हल वाढवला की पुढची बाजू तेवढीच उचलली जाते आणि हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने कलतो. उतारावर मजा येते, पण चढावर पुढचं चाक भरकटतं. आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर लिफ्ट नाही. जेवढं उतरायचं तेवढं आधी पायांनीच चढायचं.

कॉइलवाले (आत धातूची स्प्रिंग असलेले) स्वस्त फोर्क वजनामुळे बाद केले. अडीच किलोच्या आसपास जातात. शिवाय आपल्या वजनाला जुळवायचं तर स्प्रिंगच बदलावी लागते, एअरमध्ये (जिथे दाबलेली हवाच स्प्रिंगचं काम करते) पंपाने काम होतं. उरले फॉक्स कंपनीचा ३४ आणि रॉकशॉक्सचा पाइक. चालवून मला दोघांत मोठा फरक जाणवला नाही. पाइकचं सील किट आणि तो उघडणारा माणूस पुण्यात सहज मिळतोय म्हटल्यावर तोच घेतला. पाइकच्या सिलेक्ट मॉडेलमध्ये रिबाउंड (दबलेला फोर्क किती वेगाने परततो) आणि लो-स्पीड कॉम्प्रेशन (हळू दबताना किती विरोध करतो) दोन्ही फिरवता येतं, मला तेवढं पुरतं.

सेटिंगला मात्र वेळ द्या. लोअरवरच्या (फोर्कच्या खालच्या पायांवरच्या) हवेच्या दाबाच्या तक्त्यातून सुरुवात केली, सॅग (नुसतं वजन टाकल्यावर फोर्क दबतो तेवढं) २० टक्के, म्हणजे २६ मिमी. मुरमाच्या सुट्या खड्यांवर हाताला सगळं कळत होतं. हवा थोडी कमी करून ३२ मिमीवर आणला आणि पुढचं चाक जमिनीला चिकटून चालायला लागलं. पण मग उडी मारली की फोर्क तळाला जायचा. त्यावर हवा वाढवायची नाही, आत एक टोकन (हवेची जागा कमी करणारा छोटा तुकडा) टाकायचं: सुरुवात मऊच राहते, शेवट कडक होतो. पंप मारताना मध्ये मध्ये फोर्क चार-पाच वेळा दाबा, नाहीतर आतल्या हवेच्या दोन्ही कप्प्यांतला दाब समान होत नाही आणि सॅग खोटा दिसतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा. काळ्या मातीचा चिखल टायर आणि फोर्कची कमान यांच्यामध्ये असा थापला जातो की चाक फिरेनासं होतं. तिथे कुठलाच फोर्क काही करू शकत नाही, काडीने उकरायचं. लोअरची सर्व्हिस ५० तासांनी सांगितली आहे. आपल्याकडच्या पावसात तेवढं थांबू नका. माझा उघडला तेव्हा तेल दुधाळ करडं झालं होतं, फोमच्या रिंगा मातीने भरलेल्या. नळ्यांवर ओरखडा नव्हता, साफ करून तेल घातल्यावर पहिल्यासारखा सरकायला लागला. हे काम घरी होतं. डॅम्परला (फोर्कची हालचाल आवरणाऱ्या आतल्या भागाला) मात्र मी हात लावत नाही.

किंमत जिव्हारी लागते, त्याला इलाज नाही. स्टिअरर (फोर्कची वर हँडलकडे जाणारी नळी) कापायला देताना दुकानदार «एकदम बेताचा कापू का» विचारतो. स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या भागाखाली) दोनेक स्पेसर, म्हणजे कड्या, बसतील एवढा ठेवायला सांगा. पुढे फ्रेम बदलली किंवा फोर्क विकायचा झाला, तर घेणारा पहिल्यांदा तीच लांबी विचारतो.