बागेतलं हवामान केंद्र: पानाचा सेन्सर वसूल, अंदाज बेभरवशाचा

सौर पॅनल, सिमकार्ड आणि मोबाईल ॲपवाली छोटी हवामान केंद्रं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आता बरीच दिसतात. नाशिक जिल्हा असा की इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. ‘जिल्ह्यात हलक्या सरी’ एवढ्यावर फवारणी ठरत नाही, म्हणून स्वतःच्या बागेतला आकडा हवा. तो मिळतो, पण खांबावरच्या सगळ्या वस्तूंत पैसे खरे वसूल करतो तो पानाच्या ओलाव्याचा सेन्सर.

डाऊनी या बुरशीच्या रोगाला पानावर पाणी लागतं, मग पाऊस नसला तरी दव चालतं. पहाटे अडीचला पान ओलं झालं आणि नऊला वाळलं तर साडेसहा तास. पाऊसमापक तेव्हा शून्यच दाखवत असतो. गोडी म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर पोंगा (कोंब) फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंत (धरेपर्यंत) रोज सकाळी आधी हाच आकडा बघावा. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाचं मात्र उलटं. तिला ओलं पान लागत नाही, ढगाळ दमट हवा पुरते. सेन्सर कोरडा आहे म्हणून भुरीच्या बाबतीत निर्धास्त राहिलात तर फसाल.

अडचण बसवण्यात आहे. बसवणारा सगळं एकाच खांबावर, तेही बांधावर लावून मोकळा होतो. पाऊसमापक उघड्यावरच हवा, जवळच्या मांडवाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. पानाचा सेन्सर मात्र मांडवात, घडांच्या उंचीला, साधारण ४५ अंश कलता आणि उत्तरेकडे तोंड करून. बांधावर तो वाऱ्याने लवकर वाळतो आणि ओले तास कमी दाखवतो. म्हणून ऑर्डर देतानाच लांब केबल मागा, नंतर जोड मारला की त्यात पाणी शिरतं. केबल पाईपातून न्या. खोडालगत मोकळी सोडली तर खुरपणीत तुटते, नाहीतर उंदीर कुरतडतात.

बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) निळसर पुटं सेन्सरवर बसली की आकडा बिघडतो. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका. फवारणी झाली की तो ‘ओलं’ दाखवणारच, ब्लोअरची (फवारणी यंत्राची) वेळ लिहून ठेवून तेवढे तास वजा करा.

पाऊसमापकात आत छोटी झुलती वाटी असते, बहुतेकांत एक झोका म्हणजे ०.२ मिमी. गाळणीत पाला, कोळ्याचं जाळं, पक्ष्यांची विष्ठा अडकली की धो धो पावसातही शून्य, आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात हळूहळू ‘पाऊस’. तपासणी सोपी आहे. गाळणीचं तोंड २० सेंमी असेल तर ३१४ मिली पाणी अगदी संथ ओता. १० मिमी, म्हणजे ५० झोके यायला हवेत. भसकन ओतलं तर कमी येतात, दोष यंत्राचा नसतो. वाटी झुलायला खांब ओळंब्यात हवा. तो कलायला ट्रॅक्टरचा एक धक्का पुरतो.

थंडीसाठीही उपयोग आहे. बातमीत ‘निफाडचा पारा’ म्हणून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. पहाटेची गार हवा जड असते, ती नदीकाठच्या खोलगट तुकड्यात साचते आणि तिथे आकडा त्याहून खाली जातो. तुमचं हवामान केंद्र उंचवट्यावर असेल तर थंडीपासून बाग वाचवणाऱ्या शेकोट्या आणि पहाटेचं ड्रीप उशिरा सुरू होतं. ॲपमधली सूचना थोड्या वरच्या तापमानाला, समजा आठ अंशांना लावा.

सौर पॅनल दक्षिणेकडे, वीसेक अंश कलतं. जुलै-ऑगस्टच्या सलग ढगांत बॅटरी बसते आणि रात्रीचे आकडे गायब होतात, म्हणजे नेमके दवाचेच. छाटणीआधी बॅटरी तपासून घ्या.

ॲपमधला पाच-सात दिवसांचा अंदाज या खांबावरून निघत नाही, तो बाहेरून आणलेला असतो. अवकाळी किंवा गारपिटीसाठी त्यावर विसंबू नये. वर्षाचं सबस्क्रिप्शन अंदाजासाठी म्हणून गळ्यात मारत असतील तर जुने आकडे उतरवून घेता येतात का, हे आधी विचारा. आणि पीक विम्याला हे आकडे चालत नाहीत. फळपीक विम्यात महसूल मंडळाला नेमून दिलेल्या केंद्राचेच धरतात.