स्पॅनिश शिकायला शाळा लावायची की नुसतं फिरायचं? आणि ग्वाटेमाला की स्पेन?

दोन-तीन महिने मोकळे मिळणार आहेत, लॅटिन अमेरिका किंवा स्पेन फिरायचंय आणि त्यातच स्पॅनिश पण शिकायचंय, असा प्लॅन असला की पहिला प्रश्न हाच येतो की पैसे शाळेत घालायचे की तेच पैसे घेऊन फिरत राहायचं, लोकांत मिसळलं की भाषा येईलच की. माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात अगदी शून्यापासून असेल तर पहिले तीन-चार आठवडे एकाच गावात मुक्काम, वन टू वन क्लास, राहायला लोकल फॅमिलीकडे, आणि भटकंती त्यानंतर. लोक बहुतेक वेळा क्रम उलटा लावतात, म्हणजे आधी फिरू आणि वाटलं तर शेवटी एखादा आठवडा शाळा, आणि त्यात वेळही जातो नि पैसाही.

नुसत्या फिरण्यातून काय मिळतं ते बघा. रूम आहे का, केवढ्याला, बस किती वाजता, बिल आणा, बाथरूम कुठंय. ही तीस-चाळीस वाक्यं पंधरा दिवसांत पाठ होतात आणि तोंडातून इतकी सराईतपणे यायला लागतात की आपल्याला भाषा आली असं वाटायला लागतं. मग कोणीतरी सहज विचारतं की काल काय केलंस, आणि तिथे गाडी अडते, कारण स्पॅनिशमध्ये नेहमीच्या बोलण्यातले भूतकाळच निदान दोन आहेत, एक घडून गेलेल्या गोष्टीसाठी आणि एक चालू असलेल्या किंवा नेहमी व्हायच्या गोष्टीसाठी, आणि तो फरक बसस्टँडवर कोणी समजावून देत नाही. रस्त्यावर भेटणारी माणसं चांगलीच असतात हो, पण ती चूक सुधारत नाहीत, अर्थ कळला की पुढे जातात. त्यात हॉस्टेलमध्ये राहिलात तर संध्याकाळ सगळी इंग्लिशमध्ये. राहण्याच्या बदल्यात हॉस्टेलवर काम करायची पद्धत आहे ना, ती तर भाषेसाठी मला सगळ्यात वाईट वाटते, कारण तुम्हाला रिसेप्शनवर बसवतात तेच मुळी तुम्हाला इंग्लिश येतं म्हणून.

पण हीच भटकंती महिनाभर शिकून मग केली तर सोन्यासारखी आहे. आठ तासांच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या काकूंशी तुम्ही खरंच बोलू शकता, त्यांच्या मुलाचं कॉलेज, तुमचं काम, सगळं. शिकलेलं पक्कं होतं ते तिथे.

आता शाळेतही दोन प्रकार आहेत आणि खरी तुलना इथे आहे. ग्वाटेमालात वन टू वन हीच रीत आहे, एक शिक्षक एक विद्यार्थी, दिवसाला चार किंवा पाच तास, आठवड्याचे पाच दिवस. एकावेळी एकच शिकवणी म्हटल्यावर महाग असेल असं वाटतं, पण स्पेनमध्ये नुसत्या ग्रुप कोर्सला आठवड्याला जेवढे जातात साधारण तेवढ्यात तिथे वन टू वन क्लास, राहणं आणि जेवण मिळून निघतं. बोलिव्हियातल्या सुक्रेमध्ये आणि इक्वाडोरमध्येही वन टू वन परवडतं. स्पेनमध्ये मात्र ग्रुप हाच मुख्य प्रकार, आठवड्याला साधारण वीस तासिका, पहिल्या दिवशी लेव्हल टेस्ट, आणि बहुतेक ठिकाणी दर सोमवारी नवीन लोक येऊन बसतात, त्यामुळे ग्रुप सारखा बदलत राहतो.

वन टू वन कसं असतं तर अंगणात किंवा गच्चीवर छोटी छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, मध्ये एक वही. मॅडम विचारतात काल दुपारी काय केलंस. तुम्ही म्हणता मी बाजारात जाते. मॅडम काही बोलत नाहीत, वहीवर लिहिलेल्या त्या क्रियापदावर फक्त पेन्सिलचं टोक टेकवतात आणि थांबतात. जोपर्यंत जाते चं गेले होत नाही तोपर्यंत पेन्सिल हलत नाही. शेजारच्याला उत्तर देऊ दे म्हणून गप्प बसायची सोयच नाही. सकाळच्या चार तासांत निम्मा वेळ तरी तुम्ही स्वतः बोलत असता, आणि दहा जणांच्या वर्गात चार तासांत तुमच्या वाट्याला किती मिनिटं येतील याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून बोलता यायला हवं असेल तर माझा कौल सरळ वन टू वनला.

त्याची दुसरी बाजूही आहे. डोकं प्रचंड थकतं, चौथ्या तासाला साधं वाक्य जुळत नाही, त्यामुळे दिवसाला सहा-सात तासांचं पॅकेज कोणी देत असेल तर घेऊ नका, चार पुरेत. शिवाय सगळं त्या एका शिक्षकावर अवलंबून. काही जण छान गप्पा मारतात पण शिकवत नाहीत, काही जण नुसतं व्याकरण लिहून देतात. पटलं नाही तर शुक्रवारी ऑफिसमध्ये सांगून पुढच्या आठवड्यासाठी बदलून मागायचा, शाळांना याची सवय असते, संकोच नको.

ग्रुप कोणासाठी चांगला? ज्यांना पाया आहे आणि समवयस्क सोबत हवी आहे, किंवा ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांच्यासाठी. डेले ही इन्स्तितुतो सेरवान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची स्पॅनिशची परीक्षा, ए१ म्हणजे अगदी सुरुवातीपासून सी२ पर्यंत सहा पातळ्या, पास झालात की सर्टिफिकेट कायमचं. सिएले ही स्पॅनिशचीच दुसरी परीक्षा, ती कॉम्प्युटरवर होते आणि तिचा निकाल पाच वर्षं चालतो. अशा परीक्षांची पद्धतशीर तयारी स्पेनमधल्या शाळांमध्ये जास्त नीट होते, आणि तिथे शाळा निवडताना सेरवान्तेसची मान्यता आहे का ते बघता येतं. ग्रुपचा मोठा तोटा वर्ग सुटल्यावर दिसतो, सगळे मिळून कॉफीला जातात आणि भाषा आपोआप इंग्लिश होते. हे टाळायचं तर संध्याकाळी इंतरकाम्बियो शोधायचं, म्हणजे अर्धा तास तुझी भाषा अर्धा तास माझी, स्पेनच्या युनिव्हर्सिटीवाल्या गावांत ते सहज मिळतं.

राहण्याचं म्हणाल तर फॅमिली की स्वतंत्र रूम यात मला शंकाच नाही, निदान पहिले काही आठवडे फॅमिली. गॅस संपलाय, पाणी गेलंय, मागचं दार लावून घे, आज आजीची तब्येत बरी नाही, ही घरातली भाषा पुस्तकात नसते आणि ती दिवसातून तीनदा जेवणाच्या टेबलावर आपोआप कानावर पडते. पण फॅमिली हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. काही घरं चक्क लॉज असतात, पाच-सहा परदेशी विद्यार्थी, त्यांचं जेवण वेगळ्या वेळी वेगळ्या टेबलावर. बुक करतानाच विचारायचं की घरात आत्ता अजून किती विद्यार्थी आहेत आणि जेवायला घरचे सोबत बसतात का. ग्वाटेमालात बऱ्याच ठिकाणी रविवारी जेवण नसतं, तेही विचारून ठेवा, आणि मांस खात नसाल तर आधी कळवा, बीन्स, अंडी आणि तोर्तिया म्हणजे मक्याच्या पोळीवर निभावून जातं पण आधी सांगितलेलं बरं. प्रायव्हसी लागतेच अशा माणसांनी मात्र ओढून ताणून करू नये, चिडचिड झाली की शिकणं पण थांबतं.

आता गाव. ग्वाटेमालात तीन नावं सारखी येतात. आंतिग्वा सुंदर आहे, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत, दीड हजार मीटरवर असल्यामुळे हवा छान, शाळा भरपूर, पण परदेशी लोक इतके की कॅफेत तुम्ही स्पॅनिशमध्ये विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये येतं, आणि इस्टरच्या आधीच्या आठवड्यात तर गर्दी आणि भाव दोन्ही विचारू नका. क्वेत्साल्तेनांगो, ज्याला सगळे शेला म्हणतात, ते दिसायला साधं, २३०० मीटरच्या वर असल्याने रात्री कडक थंडी आणि घरांत हीटर नाही, पण ते खरं राहतं गाव आहे, तिथे इंग्लिश कमी कानावर पडतं, शिकायला म्हणून मी तेच सुचवेन. आतित्लान तलावाकाठचं सान पेद्रो स्वस्त आणि रमणीय, पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत, तिथल्या बऱ्याच घरांत आपापसात त्सुतुहील ही माया भाषा बोलतात. तुमच्याशी स्पॅनिश बोलतील, पण जेवताना घरच्यांच्या गप्पा कानावर पडून भाषा मुरते तो फायदा तिथे कमी. पावसाळा मे ते ऑक्टोबर, पाऊस बहुतेक दुपारनंतर, सकाळचे क्लास बिनधास्त होतात.

सुक्रे २८०० मीटरवर, बोलणं संथ आणि स्पष्ट, नवशिक्यासाठी खूपच चांगलं, फक्त पहिले एक-दोन दिवस उंचीला सवय व्हायला द्या. कीतो आणि क्वेन्काचंही तेच, शिवाय इक्वाडोरमध्ये २००० पासून डॉलरच चालतो, हिशोबाला सोपं. मेक्सिकोत जायचं तर ग्वानाहुआतो किंवा ओआहाका बघा.

स्पेनमध्ये सालामान्का, १२१८ मधली युनिव्हर्सिटी, विद्यार्थ्यांचं गाव, उच्चार स्वच्छ. ग्रानादा स्वस्त आणि मस्त, पण ते ज्या भागात येतं त्या आंदालुसियात शब्दाच्या शेवटचे स गिळतात त्यामुळे सुरुवातीला कान गोंधळतो. बार्सिलोना फिरायला जा, शिकायला पहिल्यांदा नको, पाट्या, घोषणा, शेजाऱ्यांच्या गप्पा यात कातालान ही तिथली वेगळी भाषा भरपूर असते. सेविया जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस डिग्रीला जातं, तेव्हा टाळाच.

उच्चार कुठला शिकायचा याचं टेन्शन फार लोक घेतात. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये तू साठी वोस म्हणतात आणि य चा श करतात, स्पेनमध्ये तुम्ही लोकसाठी वेगळं रूप आहे जे लॅटिन अमेरिकेत वापरात नाही, पण सगळे सगळ्यांना समजतात. पहिले दोन महिने एकाच देशात राहा म्हणजे झालं. पुढे तिथेच नोकरी किंवा शिक्षण करायचं असेल तर मात्र त्याच देशात शिका.

किती येईल? अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा, म्हणजे तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचा, इंग्लिश बोलणाऱ्यांसाठीचा अंदाज साधारण ३० आठवडे, म्हणजे सहाशे-साडेसातशे तास, आणि तो कामकाज करता येण्याच्या पातळीसाठी. तुमचे चार आठवडे म्हणजे ८० तास. त्यात काल काय झालं ते सांगता येईल, हळू बोलणारं माणूस समजेल, डॉक्टरकडे एकट्याने जाता येईल. चार मित्र एकमेकांत जोरात बोलत असतील तर नाही समजणार, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. जायच्या आधी घरी बसून अंक, वर्तमानकाळ आणि पाच-सहाशे शब्द करून घेतलेत तर पहिला आठवडा त्यात जात नाही, तेवढं नक्की करा.

व्हिसाचं आपापल्या पासपोर्टप्रमाणे बघा, पण दिवस मोजताना हे लक्षात ठेवा की शेंगेनमध्ये, म्हणजे स्पेन धरून युरोपातल्या एकत्र व्हिसावाल्या देशांत मिळून, १८० दिवसांत ९०, आणि ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा या चार देशांचे दिवस सहसा एकत्र मोजतात, प्रत्येकाचे वेगळे धरू नका. स्पेनमध्ये ९० दिवसांहून लांबचा कोर्स असेल तर स्टुडंट व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

आणि ऑनलाइन चार-आठ आठवड्यांचे पैसे आधी भरू नका, डिस्काउंट कितीही दिसू दे. पहिला एकच आठवडा बुक करा, तिथे पोचल्यावर शिक्षक बघा, घर बघा, बाकीच्या विद्यार्थ्यांशी बोला, पटलं तर शुक्रवारी पुढचे आठवडे वाढवता येतात. सेमाना सान्ता म्हणजे इस्टरच्या आधीचा तो आठवडा आणि स्पेनचा जुलै सोडला तर जागा मिळते.