मनगटाच्या हालचालीवर चालणारे घड्याळ: सायको कायनेटिक

शरीराच्या हालचालीतून वीज मिळवून अंगावरचे छोटे सेन्सर चालवण्याविषयी आज बरेच बोलले जाते. जपानच्या सायको कंपनीने मात्र तेच तत्त्व १९८८ मध्ये घड्याळाच्या रूपाने बाजारात आणले. त्या परंपरेतील ५एम६२ यंत्रणेचे कायनेटिक घड्याळ आजही आवर्जून पाहण्यासारखे आहे. हात हलला की आतले अर्धवर्तुळाकार वजन फिरते, दंतचक्रे ती संथ गती अनेक पटींनी वाढवून एका सूक्ष्म चुंबकापर्यंत पोहोचवतात, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत साठते. वेळ मोजण्यासाठी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाला फारच थोडी वीज लागत असल्यामुळे पूर्ण साठा सुमारे सहा महिने पुरतो.

मला सर्वांत भावलेली सोय म्हणजे दोनच्या अंकाजवळचे बटण. ते दाबताच सेकंदकाटा झपाट्याने पुढे जातो आणि तो किती सरकला यावरून शिल्लक साठा कळतो. ऊर्जा संपत आली की तोच काटा दोन-दोन सेकंदांनी पुढे सरकू लागतो. आपली स्थिती इतक्या सरळपणे सांगणारी उपकरणे विरळाच.

घड्याळ जाड व वजनदार आहे, आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याच्या हातावर साठा हळूहळूच वाढतो. भरपूर चालणाऱ्या माणसाला मात्र ते निःशंकपणे सुचवावेसे वाटते. सुरुवातीच्या घड्याळांत बॅटरीऐवजी वीज साठवणारा कपॅसिटर असे; असे कपॅसिटर काही वर्षांत दुबळे होत असत, म्हणून जुने घड्याळ घेताना तो बदलून बॅटरी बसवली आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.