बंद पडणाऱ्या जुन्या डेस्कटॉपला नवा एसएमपीएस: दिवाळी ते उन्हाळा

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप आहे. टॅली, जीएसटी रिटर्न्स, सगळी रोजीरोटी त्याच्यावर. गेल्या वर्षी तो चालता चालता खटकन बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, काही नाही. दुकानात विचारलं की एकच उत्तर, ‘नवीन घ्या’. मी दिवाळीनंतर फक्त एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बदलला, ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा). एमजी रोडवर तीन हजारांच्या आत मिळाला.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसायचं. बरेच जण त्यालाच बिघाड समजतात. विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ते सांगतं. का, ते नाही. आधी प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमधली धूळ उडवली, खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावली. तापमान साठीच्या आत आलं, तरी दुखणं तसंच. इंटेलचा प्रोसेसर फार तापला तर शंभर अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतो, मशीन रखडतं. आमचं रखडत नव्हतं, सरळ जात होतं. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावलं, तरी तेच.

मग मल्टीमीटर. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत; ११.४ ते १२.६ चालतात. टॅलीत मोठा रिपोर्ट काढला की आकडा ११.२ वर यायचा. मदरबोर्डावरचा चार पिनांचा प्लग उपसला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालेलं. जुन्या डब्यावर ठळक ‘४५०’ छापलंय, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट! नव्यावर ३६ अँपिअर आहेत, म्हणजे ४३२. घेताना हाच रकाना वाचा, मोठा आकडा नको.

तेव्हापासून मशीन एकदाही आपोआप बंद पडलेलं नाही. मार्चअखेरची धावपळ झाली, एप्रिल-मेचं नाशिकचं ऊन झालं. नव्याचा आठ पिनांचा प्लग चार-चारमध्ये सुटतो, म्हणून जुन्या बोर्डालाही बसला. तक्रार एकच: वायरी ताठ आहेत, छोट्या कॅबिनेटमध्ये कोंबताना हात दुखतो.

कळकळीने सांगतो, एसएमपीएस खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहू शकतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळे कधीतरी बोर्ड बदलावाच लागेल. पण एसएमपीएस एटीएक्स मापाचा, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या मापाचा आहे, तो पुढच्या मशीनमध्येही बसेल. बिल आणि वॉरंटी कार्ड त्यासाठीच फाइलला लावून ठेवलंय.