वाढीच्या हॉर्मोनचं इंजेक्शन: व्हायल घ्यावी की पेन?

ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन तीन रूपांत येतं: पावडरीची व्हायल (काचेची छोटी बाटली), कार्ट्रिज म्हणजे औषधाची नळी बदलायचं पेन आणि आयतं भरलेलं पेन. आत औषध एकच, 191 अमिनो आम्लांचं सोमाट्रोपिन. फरक पडतो तो मापात आणि फ्रिजमध्ये, म्हणून आमची तुलनाही तेवढ्याचीच.

व्हायल सगळ्यात स्वस्त, आणि चुकाही तिच्यातच जास्त. समजा, 20 किलोच्या मुलाला रोज 0.6 मिलिग्रॅम लिहून दिलंय. 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट, तेव्हा डोस झाला 1.8 युनिट. 4 युनिटची व्हायल 1 मिली पाण्यात विरघळवली तर ते होतात 0.45 मिली. इन्सुलिनच्या लाल टोपीच्या, 40 च्या (1 मिलीला 40 रेघा) सिरिंजवर ही 18 वी रेघ. केशरी टोपीच्या, 100 च्या (1 मिलीला 100 रेघा) सिरिंजवर 45 वी. मेडिकलमध्ये लाल संपली म्हणून केशरी आणली आणि घरच्यांनी सवयीनं 18 वरच ओढलं, की मुलाच्या अंगात जातं 40 टक्केच औषध. मग वर्षभर टोचूनही उंची हवी तेवढी वाढत नाही आणि दोष औषधाच्या कंपनीवर जातो. चिठ्ठीवर डोस मिलीमध्ये आणि शेजारी सिरिंजच्या टोपीचा रंग, दोन्ही लिहून घ्या.

पाणी काचेच्या कडेनं सोडायचं, व्हायल हलकेच फिरवायची. गदागदा हलवली तर प्रथिन बिघडतं. गढूळ दिसलं तर फेकून द्या. सोबतचं पाणी परिरक्षक नसलेलं असेल तर उरलेलं 24 तासांपलीकडे वापरू नये.

आयत्या पेनात हा हिशोबच नाही; आकडा फिरवायचा आणि टोचायचं. मात्र वजनाला साजेसं पेन निवडा. 15 मिलिग्रॅमचं पेन 0.6 च्या डोसला बरोबर 25 दिवस पुरतं. 0.4 चा डोस असेल तर 37 दिवस लागतील, पण उघडलेलं पेन बहुधा 28 दिवसच चालतं. राहिलेलं औषध, म्हणजे पैसे, कचऱ्यात. बटण दाबल्यावर सुई लगेच ओढू नका, सावकाश दहा अंक मोजा. टोचून झाल्यावर सुई पेनलाच ठेवली तर हवा शिरते आणि पुढचा डोस कमी भरतो. मांड्या, पोट, कुल्ले अशी जागा रोज बदला, नाहीतर तिथली चरबी खचून खड्डे पडतात.

फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंश हवं. फ्रीजरला चिकटून ठेवलेलं औषध गोठतं, आणि एकदा गोठलं की गेलं. खानापूरकडे पावसाळ्यात करंट गेला तर फ्रिजचं दार उघडू नका. सौंदत्तीच्या यात्रेला जाताना बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून मगच पेनाशेजारी ठेवा.

पैसे घालण्याआधी निदान पक्कं हवं. चार वर्षांपुढचं मूल वर्षाला 5 सेंटिमीटरहून कमी वाढत असेल तर आधी थायरॉईड आणि हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघतात. मेंदूखालची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी हे हॉर्मोन थांबून थांबून सोडते, मोठी लाट येते रात्रीच्या गाढ झोपेत. म्हणूनच इंजेक्शनही झोपताना देतात, आणि म्हणूनच दिवसा घेतलेल्या एका रक्ताच्या नमुन्यावरून कमतरता ठरत नाही. हे हॉर्मोन सुटायला लावणारी क्लोनिडीनची गोळी उपाशीपोटी देऊन दोन तासांत चार-पाच नमुने घ्यावे लागतात. त्या गोळीनं रक्तदाब उतरतो, मूल पेंगुळतं. निपाणी-अथणीहून आलेल्यांनी लगेच एसटी पकडायची घाई करू नये.

उंची वाढवणाऱ्या पावडरींना आमच्याकडून शून्य गुण. हे हॉर्मोन प्रथिन आहे, तोंडावाटे घेतलं तर भाकरीतल्या प्रथिनासारखं पचून जातं.

इंजेक्शन चालू असताना डोकं सतत दुखून उलट्या होऊ लागल्या तर डॉक्टरांना लगेच कळवा. खुबा किंवा गुडघा दुखून मूल लंगडायला लागलं तर शेकत बसू नका. मांडीच्या हाडाचं वरचं टोक सरकलेलं असू शकतं, त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा.