अकरावी-बारावीच्या ऑनलाइन तयारीचा पावणेदोन वर्षांचा अनुभव

मुलगी अकरावी विज्ञानला गेली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही प्रवेशपरीक्षांची तयारी आणि करिअर मार्गदर्शन एकत्र देणारे एक सशुल्क ॲप घेतले आणि बारावी, एमएचटी-सीईटी (राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा) व त्यापुढच्या प्रवेशफेऱ्या पार पडेपर्यंत ते सलग वापरले. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक ॲपची घडण आणि विक्रीची तऱ्हा इतकी सारखी आहे की नाव बदलले तरी पुढचे बरेचसे लेखन तसेच लागू पडेल. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे आणि जोडीला थोडी कोरडवाहू शेती आहे. त्यामुळे केवळ आमच्या घरातला नव्हे, तर वाचनालयात संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या इतर मुलामुलींचा वापरही मला जवळून पाहता आला.

अमरावती, नागपूर किंवा लातूर येथे शिकवणीसाठी मूल ठेवायचे म्हटले की शिकवणीच्या शुल्काइतकाच खोली आणि मेस यांचा खर्चही अंगावर येतो. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायला मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळत होता. परंतु तालुक्यातील शिकवणी वर्ग संध्याकाळी भरत आणि ते सुटेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असे. या परिस्थितीत ॲप हा एकच पर्याय हाताशी होता, आणि म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही जास्त होत्या.

व्याख्यानांविषयी तक्रार नाही. भौतिकशास्त्र आणि सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे शिक्षक खरोखरच चांगले होते, आणि न समजलेला भाग थांबवून पुन्हा ऐकता येणे ही सोय वर्गात कधीच मिळत नाही. अडचण होती ती थेट वर्गांची. ते रात्री आठच्या सुमारास असत, आणि आमच्याकडे लाइन गेली की थोड्याच वेळात टॉवरची बॅटरीही उतरते, मग नेटवर्क शोधत गच्चीवर जावे लागते. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाची वेचणी संपेपर्यंत घरातील मुलेही शेतात असतात, त्यामुळे थेट वर्गाची वेळ पाळणे अनेकांना शक्यच नव्हते. महिनाभरातच आम्ही थेट वर्ग सोडून दिले आणि पहाटे डाउनलोड करून ठेवलेली व्याख्यानेच पाहू लागलो. डाउनलोड केलेली चित्रफीत काही दिवसांनी आपोआप नाहीशी होते, ही गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत पटली नाही. पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला तेच व्याख्यान पुन्हा उतरवून घेण्यासाठी दुसऱ्यांदा डेटा खर्च करायला लावणे हा शहरातील वायफाय डोळ्यांपुढे ठेवून केलेला विचार आहे.

शिकवण्याची भाषा हिंदी-इंग्रजी मिश्रित होती. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तके हाती घेणाऱ्या मुलांना पहिले काही महिने ती जड गेली, पुढे सवय झाली. सीईटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात, गणित मात्र इंग्रजीतच असते. एवढी साधी माहिती ॲपमध्ये कोठेही नव्हती आणि सराव चाचण्यांत मराठीचा पर्यायही नव्हता.

सराव चाचण्या हा या ॲपचा सर्वांत मोलाचा भाग, आणि तरीही त्यातच सर्वांत जास्त चुका. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, आणि त्यांना मिळून ९० मिनिटे. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, आणि त्यांना वेगळी ९० मिनिटे. पहिल्या भागातला उरलेला वेळ गणिताला वापरता येत नाही. आमच्या ॲपमध्ये सुरुवातीचे अनेक महिने तिन्ही विषयांना मिळून सलग तीन तास दिले जात होते, त्यामुळे मुले रसायनशास्त्र झटपट उरकून गणिताला दोन तास देण्याची सवय लावून घेत होती, आणि ही सवय प्रत्यक्ष परीक्षेत घातकच ठरली असती. दुसरे असे की जेईई या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेसाठी तयार केलेल्या चाचण्याच थोड्या फेरफाराने सीईटीच्या नावाखाली दिल्या जात आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत. सीईटीत गुण वजा होत नाहीत. तेथे प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे हातची संधी सोडणे. मुलीने तक्रार नोंदवल्यानंतर, आणि बहुधा इतरांनीही नोंदवल्यानंतर, बारावीच्या वर्षाच्या मध्यावर हे दोन्ही दोष दुरुस्त झाले, याचे श्रेय कंपनीला दिले पाहिजे.

अभ्यासाच्या वेळापत्रकाचेही तसेच. सीईटीत प्रत्येक विषयाच्या ५० प्रश्नांपैकी सुमारे १० अकरावीवर आणि ४० बारावीवर असतात, आणि अकरावीचीही निवडक प्रकरणेच विचारली जातात. ॲपच्या वेळापत्रकात मात्र अकरावीचा अभ्यासक्रम जेईईच्या खोलीने शिकवण्यात पहिले वर्ष संपत होते. ज्याला जेईई द्यायचीच आहे त्याच्यासाठी ते योग्य आहे. पण आमच्या वाचनालयातील बहुतेक मुलांचे लक्ष्य राज्यातील शासकीय अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषी महाविद्यालय हेच होते, आणि नोंदणी करताना त्यांना हा फरक कोणीही सांगितला नव्हता.

चाचणीनंतरचे विश्लेषण मात्र उत्तम. कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला, कोणते उत्तर बदलल्यामुळे चुकले, कोणत्या प्रकरणात वारंवार गुण जातात, हे सारे ते नेमके दाखवीत असे, आणि मुलीच्या अभ्यासाला वळण लागले ते याच भागामुळे. एक गोष्ट आम्ही आमच्या बाजूने केली, ती इतर पालकांनीही करावी असे सुचवतो. सीईटी संगणकावर होते. मोबाइलवर बोटाने उत्तरे टिपणाऱ्या मुलांचा हात माउसवर बसलेला नसतो. तालुक्याच्या एका संगणक प्रशिक्षण केंद्राच्या चालकांना विनंती करून रविवारी दुपारी तेथील संगणकावर मुले चाचण्या देऊ लागली, आणि मोबाइलवर मिळणाऱ्या गुणांपेक्षा तेथे सुरुवातीला बरेच कमी गुण मिळू लागल्यावर या सरावाची गरज सर्वांच्याच लक्षात आली.

आता करिअर मार्गदर्शन. जाहिरातीत हाच भाग सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. विद्यार्थ्याने एक प्रश्नावली भरायची, तिच्यावरून त्याचा कल काढला जाणार आणि मग समुपदेशक बोलणार, अशी ही योजना. प्रश्नावली जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या सहा व्यक्तिप्रकारांवर बेतलेली होती. पद्धत जुनी आणि मान्यताप्राप्त आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ती ज्या जगाला धरून भाषांतरित केली त्या जगावर. सुट्टीच्या दिवशी संग्रहालय पाहायला आवडेल की नाट्यप्रयोग, या प्रश्नाला ज्या मुलीची सुट्टी तुरीच्या शेंगा तोडण्यात जाते तिने काय उत्तर द्यावे? शिवाय अशी चाचणी आवड मोजते, कुवत मोजत नाही, आणि जो व्यवसाय मुलाने कधी पाहिलाच नाही त्याची आवड त्याच्या उत्तरांतून उमटणार तरी कशी. अहवालात माझ्या मुलीला डेटा सायंटिस्ट, प्रॉडक्ट डिझायनर आणि उद्योजक हे तीन पर्याय सुचवले गेले. शेजारच्या मुलाच्या अहवालातही त्यांतील दोन होतेच. तिने अहवाल वाचून मला एवढेच विचारले, "बाबा, यातलं आपल्या इकडं कोणी करते का?"

विदर्भातील मुलाला जे जवळ आणि परवडणारे आहे, त्याचा त्या अहवालात मागमूस नव्हता. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरचे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ, नागपुरातल्याच एलआयटी आणि व्हीएनआयटी या तंत्रज्ञान शिक्षणाच्या संस्था, अमरावती, यवतमाळ व चंद्रपूर येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये यांपैकी एकाचाही उल्लेख समुपदेशकाच्या बोलण्यात आपणहून आला नाही. बी.एस्सी. कृषीचा प्रवेश सीईटीवरून होतो आणि पशुवैद्यकीय पदवीचा नीट या राष्ट्रीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेवरून, ही माहिती वाचनालयातील मुलांना पूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळाली. पशुवैद्यक व्हावे अशी इच्छा असलेला एक मुलगा नीटचा अर्जच न भरता केवळ सीईटीच्या भरवशावर राहिला होता. सुदैवाने मुदत संपण्यापूर्वी हे कळले.

प्रवेशप्रक्रियेच्या बाबतीत तर हे ॲप जवळजवळ निरुपयोगी ठरले, आणि खेड्यातील मुलाला सर्वाधिक आधार लागतो तो नेमका येथेच. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याला जातवैधता प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावातील जुन्या जन्म-मृत्यू नोंदींच्या वहीची) नक्कल काढावी लागते, मग जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज, त्रुटी निघाली तर पुन्हा तहसील. हे काम बारावीच्या सुरुवातीलाच हाती घेतले नाही तर प्रवेशाच्या वेळी मूल खुल्या प्रवर्गात ढकलले जाते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, हे तर अनेकांना सेतू केंद्रावर गेल्यावरच समजते. ॲपमध्ये या विषयावर असलेली एकमेव चित्रफीत दुसऱ्या राज्यातील प्रक्रियेची होती.

महाविद्यालयाचा अंदाज देणारी एक सुविधा होती, तिच्यावर आम्ही विसंबलो नाही, ते बरे झाले. ती अपेक्षित गुण विचारून महाविद्यालयांची यादी देत असे. सीईटी अनेक सत्रांत होत असल्याने गुणवत्ता यादी गुणांवर नव्हे, पर्सेंटाइलवर लागते. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हे, तर आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शंभरातले ९० जण. शिवाय त्याच महाविद्यालयातील त्याच शाखेच्या जागा गृहविद्यापीठ (ज्याच्या क्षेत्रात बारावी केली ते), इतर विद्यापीठ आणि राज्यस्तर अशा विभागलेल्या असतात, आणि मुलींच्या राखीव जागांचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या पर्सेंटाइलवर झाला तो आकडा, पुन्हा वेगळा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीचे मागील वर्षांचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात. त्यांत प्रवर्गाच्या सांकेतिक नावातील पहिले जी किंवा एल हे अक्षर सर्वसाधारण की महिला हे सांगते आणि शेवटचे एच, ओ किंवा एस हे जागेचा स्तर दाखवते. एवढे एकदा समजले की दोन संध्याकाळी बसून घरच्या घरी पसंतीक्रमाची यादी तयार होते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तीच जागा घ्यावी लागते, म्हणून पहिला क्रमांक केवळ हौसेखातर लिहू नये. शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे, त्यामुळे आम्हाला यादी करताना शुल्काचा रकाना बाजूला ठेवता आला. मुलीला विदर्भातीलच एका शासकीय महाविद्यालयात विद्युत शाखा मिळाली.

पैशांविषयी थोडे. दोन वर्षांच्या संपूर्ण पॅकेजसाठी आम्ही हप्त्यांवर सुमारे १८,००० रुपये भरले. हप्ते म्हणजे प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेचे कर्ज असते, ते पालकाच्या नावावर चढते आणि मुलाने ॲप वापरणे बंद केले तरी हप्ता थांबत नाही. सही करण्याआधी हे विक्रेत्याकडून स्पष्ट वदवून घ्यावे. गावातील एका पालकाला परतावा मिळेना, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर कंपनीने प्रतिसाद दिला. विक्री विभागाचे फोन तर अकरावीचा निकाल, सहामाही, दिवाळी, अशा प्रत्येक निमित्ताने येत राहिले, आणि ज्यांना समुपदेशक म्हटले जाते तीच माणसे वरचे पॅकेज विकत असतात, हे कळायला फार वेळ लागत नाही.

मोफत साधनांची तुलना केल्याशिवाय हा अनुभव अपुरा राहील. आयआयटी कानपूरच्या साहाय्याने केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या साथी या व्यासपीठावर जेईई आणि नीटची व्याख्याने विनामूल्य आहेत. बालभारतीची अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि सीईटीचे प्रश्न याच अभ्यासक्रमावर असल्यामुळे ती टाळून कोणत्याही ॲपने भागत नाही. नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना सीईटी, जेईई व नीटचे ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅबलेट आणि इंटरनेट डेटाही. दहावीच्या निकालानंतर तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते. वाचनालयातील दोन मुलींनी हा लाभ घेतला आणि त्यांच्या तयारीत आमच्या मुलीच्या तुलनेत मला काही उणे दिसले नाही, सराव चाचण्यांचे विश्लेषण तेवढे आमच्याकडे अधिक बारकाईचे होते.

ज्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा शिक्षकच नाही, आणि आमच्या भागात अशी महाविद्यालये आहेत, त्याने व्याख्यानांसह पूर्ण पॅकेज घेणे समजण्यासारखे आहे. इतरांनी केवळ सराव चाचण्यांचा संच घ्यावा, असे माझे मत झाले आहे. पुतण्या यंदा अकरावीला आहे, त्याच्यासाठी आम्ही तेवढाच घेतला. तो पूर्ण पॅकेजच्या एका लहानशा अंशात मिळतो, परंतु ॲपच्या दर्शनी पानावर त्याची किंमत दिसत नाही. ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून केवळ चाचणी संच हवा असे ठामपणे सांगावे लागते, आणि पहिल्या फोनवर तो उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले तरी पुन्हा विचारावे.