जुन्या गाडीच्या दरवाजाचे तडकलेले पॅनल: अकरा महिन्यांनी काय टिकलं, काय सुटलं

चार दरवाजे, आतल्या प्लास्टिकच्या पॅनलवरचे सात तडे, पाच वेगवेगळ्या पद्धती आणि अकरा महिन्यांचा रोजचा वापर. त्यात एक कडक उन्हाळा गेला आणि त्यामागून थंडीही. निकाल आधीच सांगतो. मागच्या बाजूने आधार देऊन सांधलेले चार तडे आजही घट्ट आहेत. फक्त पुढून भरलेले दोन पुन्हा उघडले. सातवा रेक्झिनचा होता, तो अर्धा टिकला. गोंदाची कोणती ट्यूब वापरली यापेक्षा पॅनलवरचा ताण काढला की नाही, यावरच सगळं ठरलं.

तडा कुठे जातो ते बघितलं की कारण कळतं. आर्मरेस्टच्या स्क्रूभोवती, दरवाजा ओढायच्या खाचेत, खालच्या कप्प्याच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या जाळीच्या कडेला आणि मागच्या क्लिपच्या बैठकीला. मधल्या सपाट भागात क्वचितच. म्हणजे जिथे पॅनल पत्र्याला जखडलेलं आहे किंवा जिथे हात पडतो, तिथेच.

आता उष्णतेचं गणित बघा. अशा पॅनलला सर्रास वापरलं जाणारं एबीएस हे टणक प्लास्टिक दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०८ मिलिमीटर प्रसरण पावतं. पॅनल ७० सेंटिमीटर लांब आणि थंड सकाळ ते उन्हात उभी गाडी यात ५० अंशांचा फरक धरला, तर लांबी जवळपास २.८ मिलिमीटरने बदलते. पत्रा त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकाच वाढतो. हा फरक क्लिपच्या ढिल्या बैठकीत आणि स्क्रूच्या मोठ्या भोकात जिरावा अशी मूळ रचना असते. मधल्या काळात कुणी तरी स्क्रू करकचून आवळतं, तुटलेल्या क्लिपच्या जागी पत्र्यात सरळ स्क्रू मारतं, आणि पॅनलला हलायला जागाच राहत नाही.

स्क्रू काढून भोकाच्या कडेला टॉर्च तिरका धरून बघा. काळ्या किंवा करड्या एबीएसवर स्क्रूच्या डोक्याखाली अर्धवर्तुळाकार पांढरट छटा दिसते. नख फिरवलं तर काही लागत नाही, कारण तडा अजून पडलेला नाही. प्लास्टिक आतून ताणलं गेल्याची ती खूण आहे. या टप्प्यावर वॉशर टाकून भोक मोठं केलं तर पुढची सगळी दुरुस्ती वाचते. आमच्या सातपैकी निदान दोन तडे तरी असे वाचले असते.

दुरुस्तीआधी प्लास्टिक ओळखायलाच हवं. पॅनलच्या मागे दोन बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात: एबीएस, पीसी+एबीएस (पीसी म्हणजे पॉलीकार्बोनेट), पीपी (पॉलीप्रॉपिलीन), किंवा पीपी+ईपीडीएम-टीडी२० (ईपीडीएम हे रबर). शेवटच्यातलं टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्क, ही खनिजाची भुकटी. एकाच पॅनलमध्ये वरचा भाग एबीएसचा आणि कप्पा पीपीचा असं सर्रास असतं, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी बघा. खूण नसेल तर लोक तुकडा पाण्यात टाकून बघतात, तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. ही परीक्षा फसवते. शुद्ध पीपी तरंगतं हे खरं, पण २० टक्के टाल्कचं पीपी एबीएससारखंच बुडतं. त्यापेक्षा मागच्या एखाद्या पट्टीवर कापसाच्या काडीने ॲसिटोनचा थेंब लावा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर एबीएसच्या घराण्यातलं, काहीच झालं नाही तर पीपी.

काढताना नवे तडे पडू नयेत हीही कसरतच. थंडीत पॅनलला हात लावू नका. गाडी उन्हात ठेवून किंवा आतला हीटर लावून प्लास्टिक २५ अंशांच्या वर जाऊ द्या. दरवाजात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. मग लपलेले स्क्रू शोधा: हँडलच्या वाटीतल्या झाकणाखाली, आर्मरेस्टच्या तळाशी, आरशाच्या त्रिकोणी पट्टीमागे. पॅनल उचकटायची पाती नेहमी क्लिपच्या अगदी शेजारी, दोन सेंटिमीटरच्या आत घाला. लांबून ओढलं की क्लिप पत्र्यातच राहते आणि पॅनलवरची तिची बैठक उखडते. खालच्या आणि बाजूच्या क्लिप सुटल्या की बहुतेक पॅनल वर उचलून काचेच्या खाचेतून निघतं. खिडकीच्या बटणांची वायर आणि हँडलची केबल सोडवेपर्यंत ते हाताने तोलून धरा.

एबीएसवर सर्वात चांगली टिकलेली पद्धत त्याच प्लास्टिकच्या लगद्याची. एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत घालायचे, जेमतेम बुडतील इतकं ॲसिटोन ओतायचं आणि झाकण लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी मधासारखं घट्ट व्हायला हवं, पातळ असेल तर आणखी तुकडे घाला. थ्रीडी प्रिंटरची एबीएसची तार यासाठी छान चालते. काम मोकळ्या हवेत करा, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको.

आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वर्षानुवर्षं फासलेली सिलिकॉनची पॉलिश निघाली नाही तर पुढचं काहीच धरत नाही. तड्याच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडा. टोक दिसतं त्याच्याही पुढे एक-दोन मिलिमीटर गेलेलं असतं, म्हणून पॅनल हलकं वाकवून ते शोधून घ्या. मागच्या बाजूने व्ही आकाराची खाच करा, जाडीच्या दोन तृतीयांश खोल. दोन्ही कडा पुढून चिकटपट्टीने जुळवा, मागून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने तड्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरपर्यंत घासा. आता खाचेत लगद्याचा पातळ थर द्या, एक मिलिमीटरहून कमी. चार-पाच तासांनी दुसरा, मग तिसरा. खाच भरली की फायबरग्लासच्या कापडाची पट्टी लगद्यात भिजवून तड्यावर आडवी बसवा आणि वरून आणखी एक थर.

इथे घाई नडते. जाड थर वरून सुकतो, आत ॲसिटोन अडकतं, फुगे येतात आणि नंतर तो भाग खोल बसतो. दुसरा धोका पुढच्या पृष्ठभागाचा. पॅनलची जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर. मागून भरपूर ओला लगदा लावला तर ॲसिटोन झिरपून पुढचा दाणेदार पोत मऊ होतो आणि तिथे चकचकीत डाग उमटतो. आमच्या कप्प्याच्या कोपऱ्यावर असा नाण्याएवढा डाग आहे. मजबुतीला त्याचा काही फरक पडलेला नाही, पण तो पुसताही येत नाही. शेवटचा थर दिल्यावर पॅनल निदान तीन दिवस ताण न देता सपाट ठेवा, आठवडा मिळाला तर उत्तम.

जे उघडले त्यांचं कारणही स्पष्ट आहे. ओढायच्या खाचेतला तडा पाच मिनिटांत सेट होणाऱ्या इपॉक्सीने पुढून भरला होता. पहिले चार महिने काहीच जाणवलं नाही. उन्हाळ्यात तिसऱ्या आठवड्यात केसाएवढी रेघ दिसली, महिनाभरात नख शिरलं. साधी झटपट इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हातल्या बंद गाडीत पॅनलची वरची कड तेवढी सहज तापते. त्यात रोज हाताचा झटका. स्पीकरच्या जाळीजवळ इन्स्टंट ग्लू आणि खायचा सोडा वापरला होता. तो जोड दगडासारखा कडक होतो, पण लवत नाही. दरवाजा आपटल्याच्या कंपनाने तो जोडाच्या शेजारच्या मूळ प्लास्टिकमधून फुटला, म्हणजे जुन्या तड्याला समांतर नवा तडा. इन्स्टंट ग्लू कडा जागेवर धरून ठेवायला वापरा, त्याच्यावर भार टाकू नका.

पीपीचा मामला निराळा. त्याच्यावर इपॉक्सी, लगदा, पुट्टी काहीही नुसतं लावलं तर पापुद्र्यासारखं सुटून येतं. तिथे हॉट स्टेपलर, म्हणजे तापवलेल्या तारेचे स्टेपल प्लास्टिकमध्ये बुडवणारं अवजार, आणि पीपीच्याच काडीचं वेल्डिंग. स्टेपल ०.६ मिलिमीटर तारेचे घ्या, ०.८ चे अशा पातळ पॅनलला जाड पडतात. मागच्या बाजूने तड्यावर आडवे, दर १५ मिलिमीटरला एक, आळीपाळीने थोडे तिरके. तार लाल होऊ देऊ नका. प्लास्टिक मऊ होऊन तार स्वतःच्या वजनाने आणि हलक्या दाबाने बुडाली पाहिजे, तीही जाडीच्या निम्म्यापर्यंतच. बटण सोडल्यावर दहा सेकंद हात हलवू नका. गार झाल्यावर पाय मुळापासून कापा, मग पीपीची काडी वितळवून स्टेपल झाका. गरम हवेच्या गनने करत असाल तर पीपीला ३०० अंशांच्या आसपास तापमान पुरतं. नुसते स्टेपल मारून सोडलं तर कंपनाने तारेभोवतीचं भोक वाढतं, म्हणून ते झाकणं महत्त्वाचं. कप्प्याची कड आणि क्लिपची बैठक अशा दोन्ही जागा या पद्धतीने केल्या, आणि दोन्ही मूळ प्लास्टिकपेक्षा कडक लागतात.

क्लिपची बैठक पूर्ण तुटून हरवली असेल तर जुन्या, टाकाऊ पॅनलमधली कापून आणणं सगळ्यात सोपं. फक्त तीही पीपीचीच आहे याची खात्री करा आणि उंची मिलिमीटरभरही चुकवू नका. उंच बसली तर पॅनल फुगतं, खाली बसली तर क्लिप कायम ओढ देत राहते.

रेक्झिनच्या कडेचा तडा मनासारखा झाला नाही. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसीचा, आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं. तेच काचेच्या आतून तेलकट धुक्यासारखं साचतं. रेक्झिन आक्रसतं आणि फाटतं. लवचीक फिलरने भेग भरली, पोत उठवला, रंग दिला. पाच महिने उत्तम दिसत होतं, नंतर एका टोकाला पुन्हा दोन सेंटिमीटर उघडलं. आक्रसणं थांबलेलं नाही, त्यामुळे फिलर कितीही चांगला असला तरी त्याच्यावर ओढ राहणारच. अशा जागी वरचं कापडच नव्याने चढवणं योग्य.

रंगाबद्दल थोडक्यात. पीपीवर आधी ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, एबीएसवर त्याशिवाय चालतं. प्लास्टिकचा डाय तीन-चार हलक्या थरांत द्या, एक ओला थर देऊ नका. फक्त दुरुस्तीच्या जागेपुरता रंग लावला की ती जागा उठून दिसते. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण भाग रंगवा.

परत बसवताना मात्र घाई नको. क्लिप सगळ्या नव्या घ्या, जुन्या नायलॉनच्या वरवर धड दिसल्या तरी. स्क्रूची भोकं पॅनलच्या लांबीच्या दिशेने एक-दीड मिलिमीटरने लांबट करा आणि डोक्याखाली १२ ते १५ मिलिमीटरचा रुंद वॉशर टाका. स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक् करून बसल्याचं जाणवतं, मग सुलट आवळा. डोकं टेकल्यावर पाव फेरा पुरे. पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर बदला आणि ब्यूटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) सगळीकडून बंद करा. तो नसला की काचेवरून उतरलेलं पाणी पॅनलच्या मागे येतं आणि हार्डबोर्डचं पॅनल खालून फुगू लागतं. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दरवाजातल्या हवेचा दाब मोजतो, तिथे हा कागद नीट बंद असणं सुरक्षिततेचाच भाग आहे.

खिडकीची काच जड चालत असेल तर तिचे रबरी मार्ग साफ करून त्यांत सिलिकॉन स्प्रे मारा, फक्त तो फवारा पॅनलवर उडू देऊ नका. दरवाजाच्या बिजागऱ्यांना आणि कुलपाला ग्रीस द्या, म्हणजे दरवाजा आपटावा लागत नाही. ब्रेक क्लीनर, थिनर किंवा तेल एबीएस आणि पीसीच्या ताणलेल्या जागी लागलं तर तिथेच बारीक जाळीदार तडे पडतात, म्हणून आतली सफाई सौम्य साबणाच्या पाण्यानेच करा.

ओढायच्या खाचेतला आणि जाळीजवळचा असे दोन्ही फसलेले तडे आता खरवडून मागून लगदा आणि कापड लावून पुन्हा केले आहेत. खाचेच्या मागे जास्तीची फायबरग्लासची पट्टी आडवी दिली आहे. दोन महिने झाले, पण त्यांनी अजून उन्हाळा पाहिलेला नाही.